नारिंग, बदाम आणि वचन

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा जवळ आला की आमच्या धर्मग्रामात एक जुना वाद नव्याने डोके वर काढतो. तरुण मंडळींना चौदा तारखेला काही कार्यक्रम करावयाचा असतो आणि वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. "हे सारे पाश्चात्त्यांचे थेर आहेत, आपल्या घरात नकोत," असे एक जण म्हणतो. "परंतु व्हॅलेंटाइन हा तर आपल्याच ख्रिस्तसभेचा संत ना?" असे दुसरा विचारतो. गेल्या वर्षी मिस्सानंतर देवळाच्या पायरीवर झालेल्या अशाच एका चर्चेत एका मातेने आम्हांला सरळ प्रश्न केला, "हा सण नेमका कुणाचा? मुलीला हो म्हणू की नाही म्हणू?" त्या वेळी आम्ही काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली. त्याची खंत मनात राहिली. हा लेख म्हणजे त्या मातेला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

उत्तर शोधावयाचे तर लाल कागदात गुंडाळलेल्या भेटवस्तू घटकाभर बाजूला ठेवून इटलीला जावे लागते. संत व्हॅलेंटाइन तेथील मातीतला. त्याच्या नावाभोवती गुंफलेल्या चालीरीती आणि खाद्यपदार्थही पुष्कळसे तेथलेच.

रोम शहरातून उत्तरेकडे जाणाऱ्या प्राचीन राजमार्गाचे नाव 'व्हिया फ्लामिनिया'. या मार्गावर, नगरापासून सुमारे दोन रोमन मैलांवर, व्हॅलेंटाइन नावाच्या एका रक्तसाक्ष्याची कबर होती. चौथ्या शतकात पोप पहिले ज्यूलियस यांनी त्या जागी बॅसिलिका बांधविली. मध्ययुगात उत्तरेकडून येणारे यात्रेकरू प्रथम याच देवळात गुडघे टेकीत. आज 'पोर्ता देल पोपोलो' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेशीला त्या काळी 'संत व्हॅलेंटाइनची वेस' असे नाव होते, यावरून त्या स्थळाचे माहात्म्य ध्यानात यावे.

त्याच राजमार्गाच्या परिसरात, रोमपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, उंब्रिया प्रांतात तेर्नी हे शहर आहे. तेर्नीची परंपरा सांगते, की व्हॅलेंटाइन हा तेथील बिशप होता. एका आजारी मुलाला बरे करण्यासाठी त्याला रोमला बोलाविण्यात आले, तेथे त्याचा शिरच्छेद झाला आणि शिष्यांनी रातोरात त्याचा देह तेर्नीला आणून पुरला. रोमचा व्हॅलेंटाइन आणि तेर्नीचा व्हॅलेंटाइन या दोन व्यक्ती होत्या की एकाच संताच्या दोन आठवणी, याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. तेर्नीतील कबर 1605 मध्ये उत्खननात सापडली आणि त्यानंतर तेथे आजची बॅसिलिका उभी राहिली.

येथे वाचकांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सम्राट क्लॉडियसने सैनिकांच्या विवाहावर बंदी घातली आणि व्हॅलेंटाइनने चोरून लग्ने लावली, ही कथा आपण प्रवचनांतूनही ऐकतो. तिला प्राचीन आधार नाही. तेराव्या शतकात जेनोवाचे आर्चबिशप याकोबुस दे वोराजिने यांनी संतचरित्रांचा जो प्रसिद्ध संग्रह रचला, त्यात व्हॅलेंटाइनने एका अंध मुलीला दृष्टी दिल्याचा चमत्कार आहे. परंतु प्रेमिकांचा उल्लेख नावालाही नाही. रोमन लोकांच्या 'लुपेर्कालिया' या फेब्रुवारीतील सणाऐवजी ख्रिस्तसभेने हा दिवस आणला, असेही छातीठोकपणे लिहिले जाते. पाचव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिले गेलासियस यांनी लुपेर्कालियाचा कडक निषेध केला हे खरे. परंतु त्याच्या जागी त्यांनी प्रेमिकांचा सण बसविला याला पुरावा नाही.

मग हा साधा रक्तसाक्षी प्रेमिकांचा कैवारी झाला कसा? याचे श्रेय बव्हंशी कवींना जाते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसर याने पक्ष्यांच्या सभेवर एक काव्य लिहिले. त्यात संत व्हॅलेंटाइनच्या दिवशी पाखरे आपापला जोडीदार निवडतात. फेब्रुवारीत इंग्लंड गारठलेले असते. तेव्हा पाखरे कोठली जोड्या जमविणार? म्हणून एका अभ्यासकाने असा तर्क मांडला, की चॉसरच्या मनात जेनोवाचा बिशप संत व्हॅलेंटाइन असावा, कारण त्याचा सण मे महिन्याच्या आरंभी येतो आणि चॉसर राजाच्या कामगिरीवर जेनोवाला जाऊन आलेला होता. तर्क खरा असो वा नसो, काव्याने आपले काम केले. पुढे फ्रान्सचा राजपुत्र शार्ल दॉर्लेआँ 1415 च्या आझेंकूरच्या लढाईत कैद झाला आणि पंचवीस वर्षे इंग्रजांच्या बंदिवासात राहिला. त्यानेही संत व्हॅलेंटाइनच्या दिवसावर कविता रचल्या. या राजपुत्राची आई मिलानच्या व्हिस्कोंती घराण्यातील इटालियन राजकन्या होती आणि तिचे नाव होते व्हालेंतिना! पतीचा 1407 मध्ये खून झाल्यावर ही माउली सुमारे वर्षभराने झुरून मरण पावली. तिच्या मुलाने तिच्याच नावाच्या संताचा दिवस आळवावा, हा इतिहासातील एक हृद्य योगायोग आहे.

असो. कवींनी लावलेले हे रोप आधी इंग्लंड-फ्रान्सात वाढले आणि छापील शुभेच्छापत्रांच्या रूपाने जगभर पसरले. इटलीत मात्र संताची स्वतःची माणसे होती. त्यांनी आपला व्हॅलेंटाइन आपल्या पद्धतीने जपला होता.

दक्षिण इटलीतील पूल्या प्रांतात, समुद्रात घुसलेल्या गार्गानोच्या डोंगराळ भूशिरावर व्हीको देल गार्गानो नावाचे जुने गाव आहे. सन 1618 पासून संत व्हॅलेंटाइन हा या गावाचा आश्रयदाता संत आहे. गंमत अशी, की गावकऱ्यांनी त्याला निवडले ते प्रेमिकांसाठी नव्हे, तर बागांसाठी! गावाचे पोट नारिंगांवर आणि लिंबांवर. फेब्रुवारीतील एक कडाक्याची रात्र वर्षाची कमाई जाळून टाकी. म्हणून ऐन थंडीत ज्याचा सण येतो, त्या संताच्या हाती त्यांनी आपल्या बागा सोपविल्या. आजही 14 फेब्रुवारीला त्याची मूर्ती नारिंगे, लिंबे आणि हिरव्या डहाळ्यांनी सजवून मिरवणुकीने गावातून नेतात. मूर्तीजवळची आशीर्वादित नारिंगे घरोघरी जातात आणि त्यांचा रस प्रेमी जोडप्यांनी प्यावा, असा संकेत आहे. याच गावात 'चुंबनाची गल्ली' म्हणून ओळखली जाणारी एक बोळ आहे. ती इतकी अरुंद, की समोरासमोर आलेल्या दोघांना अंग चोरूनच पुढे सरकावे लागते. देवळातील संत आणि बोळातील चेष्टा या दोहोंना त्या गावाने शेजारी शेजारी जागा दिली आहे.

या नारिंगाशी आपलेही नाते आहे. इटालियन भाषेत त्याला 'आरांचा' म्हणतात. हा शब्द आपल्या संस्कृत 'नारंग' शब्दाचा पणतू होय. फारसी 'नारंग', अरबी 'नारंज' असा प्रवास करीत तो भूमध्य समुद्र ओलांडून गेला. तीच गोष्ट साखरेची. 'शर्करा' अरबांच्या मुखी 'सुक्कर' झाली आणि इटलीत 'झुक्केरो'. इटालियन लोकांच्या प्रेमाच्या सणातील गोडी शब्दापुरती तरी आपल्या वाटेने गेली आहे.

साखरेचा विषय निघालाच आहे, तर सुल्मोना या नगरीला विसरून चालणार नाही. आब्रुत्सोच्या डोंगरांत वसलेले हे गाव रोमन कवी ओव्हिडची जन्मभूमी. त्याने प्रेमकलेवर काव्य लिहिले आणि पुढे सम्राट ऑगस्टसने त्याला काळ्या समुद्राच्या काठी हद्दपार केले. आज मात्र सुल्मोनाची कीर्ती आहे 'कोन्फेत्ती'साठी. कोन्फेत्ती म्हणजे साखरेचे कवच चढविलेले बदाम. फिरत्या भांड्यात बदाम घोळवीत त्यांवर पाकाचे एकावर एक पातळ थर चढवितात. घाई केली तर कवच तडकते. पंधराव्या शतकापासून तेथील क्लारा भगिनींच्या मठात रेशमी धाग्यांनी या बदामांची फुले गुंफली जात, अशी परंपरा सांगते.

इटालियन कुटुंबाचे सारे धार्मिक जीवन या बदामांत ओवलेले आहे. बाप्तिस्म्याला गुलाबी किंवा निळे बदाम, प्रथम ख्रिस्तप्रसादाला पांढरे, विवाहालाही पांढरे, पंचविसाव्या वाढदिवसाला रुपेरी, पन्नासाव्याला सोनेरी. लग्नात पाहुण्यांच्या हाती पाच बदामांची लहानशी पुरचुंडी देतात. आरोग्य, समृद्धी, सुख, संतती आणि दीर्घायुष्य अशा पाच शुभेच्छा त्यांत असतात. पाचच का? कारण पाचाचे दोन सारखे भाग होत नाहीत. तसा हा संसारही दुभंगू नये. बदामात किंचित कडवटपणा असतो आणि वरचे कवच गोड असते. संसारात दोन्ही एकत्रच गिळावयाचे असतात, असा अर्थ थोर मंडळी नवरा-नवरीला समजावून सांगतात.

उंब्रियातच, तेर्नीच्या उत्तरेस, पेरुजा हे शहर आहे. तेथील 'पेरुजिना' या चॉकलेटच्या कारखान्यात लुइझा स्पान्योली नावाची एक कर्तबगार स्त्री होती. पहिल्या महायुद्धात पुरुष रणांगणावर गेले तेव्हा तिने कामगार स्त्रियांच्या साहाय्याने कारखाना चालता ठेवला. चॉकलेट बनविताना हेझलनट या कवचफळांचा बराच चुरा वाया जातो, हे तिच्या गृहिणीच्या नजरेला सहन होईना. 1922 मध्ये तिने तो चुरा चॉकलेटात मळून त्याचा गोळा केला, वर एक अख्खे फळ बसविले आणि तो काळ्या चॉकलेटात बुडविला. आकार मुठीसारखा दिसला म्हणून नाव पडले 'काझोत्तो', म्हणजे ठोसा. आता दुकानात जाऊन कुणी प्रिय व्यक्तीसाठी 'डझनभर ठोसे द्या' कसे म्हणावे? म्हणून नाव बदलून 'बाचो' म्हणजे चुंबन असे ठेवले. रुपेरी वेष्टनाच्या आत प्रेमाविषयीचे एखादे वचन छापलेली चिठ्ठी ठेवण्याची पद्धतही पडली. आज व्हॅलेंटाइनच्या दिवशी इटलीत सर्वत्र दिसणारा हा पदार्थ जन्मला तो एका बाईच्या काटकसरीतून! टाकाऊ चुऱ्यातून गोडवा निर्माण करणे, हा तर प्रत्येक संसारी स्त्रीचा रोजचा चमत्कार आहे.

इटालियन प्रेमाचे खरे मर्म मात्र आम्हांला एका कादंबरीत सापडले. आलेस्सांद्रो मान्झोनी यांची ही कादंबरी प्रथम 1827 मध्ये प्रसिद्ध झाली आणि इटलीच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली. तिच्या नावाचा अर्थ 'वचनबद्ध वधू-वर' असा आहे. सतराव्या शतकातील रेन्झो आणि लुचिया या गरीब जोडप्याचे लग्न ठरलेले असते. परंतु एका उन्मत्त सरदाराच्या धमकीला भिऊन गावचा धर्मगुरू लग्न लावण्याचे टाळतो. नवरीची आई रेन्झोला वकिलाकडे पाठविते आणि लग्नाच्या जेवणासाठी ठेवलेले चार कोंबडे त्याच्या हाती देते. बिचारा संतापाने हात झटकीत चालतो, हातातले उलटे लटकलेले कोंबडे हिसके खातात आणि त्याही स्थितीत एकमेकांना चोची मारतात! संकटात सापडलेली माणसे एकमेकांशी अशीच वागतात, असे लेखक तेथे सुचवितो. लग्नाची मेजवानी वकिलाच्या दारी जाऊन तशीच परत येते आणि कोंबड्यांसह परतलेल्या रेन्झोला दुष्काळ, दंगल, प्लेग अशा सर्व दिव्यांतून जावे लागते. पण वचन टिकते. भित्र्या धर्मगुरूवर कोरडा ओढणारा हा लेखक श्रद्धावंत कॅथोलिक होता, हेही आपण ध्यानात ठेवावे.

वचनाला कुलूप घालता येते काय? 2006 मध्ये फेदेरीको मोच्चा यांच्या एका लोकप्रिय कादंबरीत रोममधील मिल्व्हिओ पुलाच्या दिव्याच्या खांबाला प्रेमी युगुल कुलूप लावते आणि किल्ली तिबेर नदीत फेकते. वाचकांनी तेच सुरू केले. इतकी कुलपे लागली, की 2007 मध्ये भाराने एका खांबाचा भाग कोसळला. अखेर 2012 मध्ये नगरपालिकेने ती कुलपे काढून टाकली. ज्या पुलाजवळ 312 साली कॉन्स्टंटाइनला विजय मिळाला आणि ज्याच्या परिसरात संत व्हॅलेंटाइनची मूळ कबर होती, त्याच पुलावर हा प्रकार घडला. किल्ली फेकणाऱ्या किती जणांना ठाऊक होते, की ज्याच्या नावाने आपण सण करतो तो संत येथून हाकेच्या अंतरावर निजला होता? लोखंडाचे कुलूप पालिकेच्या कामगाराने कापले की संपते. मनाने दिलेल्या वचनाला तसे कापता येत नाही.

याची साक्ष देणारा एक रोमन गृहस्थ आपल्या कोकणपट्टीवर येऊन गेला होता. त्याचे नाव पिएत्रो देल्ला व्हाल्ले. प्रेमभंगाने खचलेला हा उमराव 1614 मध्ये व्हेनिसहून पूर्वेकडे निघाला. 1616 मध्ये बगदादला त्याने मआनी नावाच्या, पूर्वेकडील ख्रिस्ती घराण्यातील तरुणीशी विवाह केला. ती त्याच्याबरोबर इराणभर हिंडली. 1621 च्या डिसेंबरात, होर्मुझजवळच्या मिनाब गावी ती तापाने मरण पावली. परक्या मातीत तिला सोडून जाण्यास त्याचे मन धजेना. त्याने तिचा देह कापूर घालून टिकविला आणि पेटीत ठेवला. खलाशी प्रेत घेऊ देणार नाहीत, म्हणून पेटीवर कपडे रचून त्याने ती दडविली. अशा रीतीने 1623 मध्ये तो सुरतेला उतरला, चौलवरून गोव्याला पोहोचला आणि तेथून दक्षिणेत इक्केरी व कालिकतपर्यंत जाऊन आला. पुढे वाळवंट ओलांडून 1626 मध्ये तो रोमला परतला. आराचेली येथील देवळात, आपल्या पूर्वजांच्या शेजारी त्याने मआनीला विसावा दिला. अंत्यविधीच्या वेळी भाषण करताना त्याला रडू कोसळले.

आपल्याकडील जुन्या गोव्याच्या रस्त्यांवरून एक मनुष्य हिंडला, त्याने इथल्या देवळांत मिस्सा ऐकली, इथल्या चालीरीती टिपून ठेवल्या. आणि त्याच्या सामानात, कपड्यांच्या घड्यांखाली, त्याने दिलेले वचन होते. 'मरणाने आपली ताटातूट होईपर्यंत' ही विवाहाची मर्यादाही त्याने ओलांडली. पुढे त्याने दुसरा विवाह केला आणि त्याला पुष्कळ मुले झाली. आम्हांला त्यात विसंगती वाटत नाही. मृतांना शांती द्यावी आणि जिवंतांनी जगावे, हेच आपली श्रद्धा शिकविते.

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे वळू. 1969 च्या सुधारणेत ख्रिस्तसभेने जागतिक उपासना पंचांगातून संत व्हॅलेंटाइनचा सण काढला. चौदा तारखेला आता संत सिरिल व संत मेथोडियस यांचे स्मरण केले जाते. परंतु रक्तसाक्ष्यांच्या अधिकृत यादीत मिल्व्हिओ पुलाजवळचा व्हॅलेंटाइन त्याच तारखेस कायम आहे. तो संत नाही, असे ख्रिस्तसभेने कधीच म्हटलेले नाही. तेर्नीच्या बॅसिलिकेत दरवर्षी फेब्रुवारीत 'वचनाचा सण' होतो. त्या वर्षी विवाहबद्ध होणारी जोडपी संताच्या कबरीपुढे एकमेकांना वचन देतात. 14 फेब्रुवारी 2014 रोजी पोप फ्रान्सिस यांनी हजारो वाङ्‌निश्चित जोडप्यांना संत पेत्राच्या चौकात बोलाविले होते. 'सदैव' या शब्दाची आजच्या माणसाला भीती वाटते, याविषयी ते त्यांच्याशी बोलले आणि 'येऊ का', 'आभारी आहे', 'चुकलो' हे तीन शब्द घरात जिवंत ठेवा, असे त्यांनी सांगितले. साधेच शब्द, परंतु आमच्या पिढीतील किती नवऱ्यांनी ते बायकोपाशी उच्चारले असतील?

2018 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये चौदा फेब्रुवारीलाच राखेचा बुधवार आला. एकाच दिवशी कपाळाला राख आणि हाती गुलाब! पुष्कळांनी त्याची थट्टा केली. आम्हांला मात्र त्यात सुल्मोनाचा बदाम दिसला. वर गोडी, आत किंचित कडू आणि दोन्ही मिळून एक घास.

म्हणून त्या माउलीला आमचे सांगणे इतकेच: हा सण नाकारू नका आणि बाजारालाही देऊन टाकू नका. मुलीला हो म्हणा. त्या दिवशी घरी एक नारिंग सोला, फोडी सर्वांना वाटा आणि तिला गार्गानोच्या बागांची, पेरुजाच्या चुऱ्याची, चौलवरून गेलेल्या त्या पेटीची गोष्ट सांगा. मग तिला विचारा, की तुला फूल देणारा मुलगा वचनही देणार आहे काय? आणि त्याच रात्री, मुले झोपल्यावर, आपल्या पतीलाही तो प्रश्न विचारून पाहावा. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी वेदीपुढे दिलेले उत्तर पुन्हा एकदा ऐकण्यास हा दिवस काही वाईट नाही.